पायरवाडीतली मुलाखत

सकाळपासून पायरवाडीतले सगळे कोंबडे खुराड्यात होते. पिठाची गिरणी बंद होती. मुरारी काकाला खोकला, म्हणून त्याला ओढ्यापलीकडे धाडलं होतं. अकरा वाजता भरतची मुलाखत होती आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही, असं त्याच्या आईने, ठकूबाईने घरोघर जाऊन बजावलं होतं.

कारणही तसंच होतं. भरतला सिव्हिल इंजिनीअर होऊन दोन वर्षं झाली होती. मोबाइलवरची मागची मुलाखत ऐन रंगात आली असताना दोन कोंबडे आरवले आणि पलीकडचे साहेब हसले ते हसलेच.

रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर यायची. तिथे टेबल मांडलं होतं. भरतच्या अंगातला शर्ट किशोरचा होता. हा चुलतभाऊ मुद्दाम मुंबईहून आला होता आणि दोन दिवसांत त्याने भरतकडून दोनशे प्रश्न घोटून घेतले होते.

"टेन्शन नको घेऊस," किशोर म्हणाला. "नायच झालं तर सोमवारी माझ्यासंगं चल. पार्सलं वाटायची. बाइक कंपनी देते."

पार्सलं वाटायला भरत चार वर्षं शिकला नव्हता. त्याला ही नोकरी हवीच होती. ती पोलादपूर तालुक्यातच, एका बांधकाम कंपनीत होती. घरची भाकरी खाऊन कामावर जाता आलं असतं. अर्ज केल्यावर तिसऱ्याच दिवशी बोलावणं आलं, तेव्हा त्याला आनंदापेक्षा भीतीच वाटली होती. नशिबाने असं वागायची त्याला सवय नव्हती.

"काम कसलं हाय रे?" ठकूबाईने त्याची कॉलर सरळ करत विचारलं.

"पाण्याचं."

"मंग बेस हाय."

अकराला पाच कमी असताना तिने सगळ्यांना वीस पावलं मागे हटवलं. लोक आंब्याखाली जाऊन उभे राहिले. भरतने कानात इयरफोन घातले.

पडद्यावर विनोदिनी मॅडम आल्या. कंपनीतल्या मोठ्या अधिकारी, पण आवाज मऊ. त्यांनी काँक्रीटवर एक प्रश्न विचारला, मातीवर एक. भरतने धडाधड उत्तरं दिली. मग त्यांनी समोरची फाइल मिटली.

"पत्ता पायरवाडीचा आहे. तिथेच राहता?"

"हो मॅडम. जन्मापासून."

"घरं किती?"

"एकतीस."

हा प्रश्न किशोरच्या दोनशेत नव्हता, पण भरतला तो सगळ्यांत सोपा वाटला.

"तरुण मंडळी?"

"बहुतेक मुंबईला. शिमग्याला आणि गणपतीला येतात."

"मग जमिनी कुणाच्या नावावर आहेत?"

"म्हाताऱ्यांच्याच."

"आणि लोक ऐकतात कुणाचं?"

भरतला हसू आलं. "माझ्या आईचं," तो हळूच म्हणाला. "आज तुमच्यासाठी तिने गावातले कोंबडेसुद्धा कोंडून ठेवलेत."

मॅडमही मोकळेपणाने हसल्या. एवढ्या आपुलकीने भरतला आजवर कुठल्याच मुलाखतीत कुणी विचारलं नव्हतं.

"चाळीस अर्जांतून तुमचाच का काढला, ते सांगते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या खालच्या अंगाला धरण होणार आहे. अजून जाहीर केलेलं नाही. तुम्ही बसला आहात ती शाळा पाण्याखाली जाईल. एकही घर पाण्याबाहेर राहणार नाही. जागा सोडायला तयार आहोत, अशा एकतीस घरांच्या सह्या आम्हाला पावसाळ्याआधी हव्यात. तेच तुमचं काम. पगार चांगला देऊ. जमेल?"

भरतने वर पाहिलं. आंब्याखाली सगळी वाडी त्याच्याकडे डोळे लावून उभी होती. किशोरने अंगठा दाखवला.

"जमेल," भरत पुटपुटला.

"छान. सुरुवात कुठून कराल?"

त्याच्या कानात इयरफोन होते. म्हणून शब्द जरा मोठ्यानेच निघाला.

"आईपासून."

वीस पावलांवर ठकूबाईला तेवढंच ऐकू आलं आणि तिचा ऊर भरून आला.