कबीरला कुणी शिकवलं?

"चौदा नंबर," अर्चना म्हणाली आणि तिने गाडी अर्धी फुटपाथवर चढवून बंद केली. "आई, तुम्ही फक्त बसा. बोलायचं ते मी बोलते."

अजयच्या आई निमूटपणे पट्टा सोडून उतरल्या. त्यांना अर्चनाने मुद्दाम बरोबर आणलं होतं. शेजारी सासू बसली की सून आपोआप सज्जन दिसते.

कालपासून अर्चनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. इंग्लंडमधल्या रीडिंग-मेडनहेडकडच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुचेताने लिहिलं होतं, 'कानगोष्ट ॲप वापरू नका. आमच्या कबीरने जेवताना आजीला विचारलं, सहा महिने म्हणजे सहाच्या सहा काढायचेच का? आईंना नागपूरहून येऊन आठवडा झालाय. त्या रडतायत. कबीर म्हणतो, ॲपवाल्या ताईने शिकवलं.'

दुपारपर्यंत अकरा घरांनी ॲप काढून टाकलं. शनिवारची मराठी शाळा ते सगळ्या वर्गांना देणार होती, तिथून मेसेज आला, 'उद्यापर्यंत काय ते क्लिअर करा, नाहीतर राहू दे.'

चांगली नोकरी सोडून अर्चना दोन वर्षं या ॲपमागे होती. स्क्रीन काळी, फोन पालथा, नुसता आवाज. तो गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो आणि सात सेकंद गप्प बसतो. बाकीची ॲप्स दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात. पोराला विचार करायला वेळ द्या, हा अर्चनाचा हट्ट. आवाजसुद्धा तिचाच. कपड्यांच्या कपाटात शिरून, डोक्यावर रजई घेऊन ती बोलायची, प्रश्नानंतरचे सात सेकंदही तशीच थांबायची आणि बाहेर तिचा नवरा अजय बटण दाबून रेकॉर्डिंग बंद करायचा.

सुचेताने दार उघडलं. आत सोफ्यावर तिच्या सासूबाई घरातही कोट घालून बसल्या होत्या. पाच वर्षांचा कबीर खाली गाड्यांची रांग लावत होता. त्याने मान वर केली नाही.

"चहा टाकू?"

"नको. आधी हे मिटवू," अर्चना म्हणाली. "चारशे साठ वाक्यं आहेत त्यात. एकेक मी लिहिलंय. ससा आहे, बस आहे, छत्री आहे. सासू कुठेही नाही."

"मग त्याने कुठून आणलं? तो मुळात बोलतच नाही गं. शाळेतही गप्प, घरीही गप्प. म्हणून तर तुझं ॲप घेतलं. तासभर ऐकतो नुसता. आणि तोंड उघडलं ते हे बोलायला."

"मी सांगू? व्हिसा सहा महिन्यांचा असतो, हे या पोराला माहितीये? हे वाक्य सुनेचं आहे, सुचेता. कुठल्या सुनेचं, ते आता तू तुझ्या घरात बघ."

सुचेता लालबुंद झाली. "माझ्या घरात येऊन, माझ्या सासूसमोर मला हे बोलतेस?"

"तू दोनशे जणांसमोर बोललीस. इथे तर पाचच जण आहोत."

"मी नाही म्हणाले ते. आई, मी खरंच नाही म्हणाले."

"जाऊ द्या न," कबीरची आजी म्हणाली. "मी तशीबी शुक्रवारी चालली. तिकीट बदलून घेतलं. काहून भांडता?"

सुचेता मटकन खुर्चीत बसली. तिकिटाचं तिला आत्ता कळत होतं.

"अहो, असं कसं जाता?" अजयच्या आई न राहवून बोलल्या. "माझंच बघा, पाचवा महिना चाललाय. हिचं एवढं काम, पण एका शब्दाने कधी लागेलसं बोलली नाही. नशीब लागतं."

अर्चनाने नम्रपणे गालिच्याकडे पाहिलं. आईंना आणलं ते बरंच झालं.

सुचेता उठली. ड्रॉवरमधून कबीरचा जुना फोन काढून तिने टेबलावर आपटला. "लाव. आत्ताच्या आत्ता लाव. आईंना ऐकू दे."

"लावते की. तू तुझ्या फोनवर रेकॉर्ड कर. संपलं की डायरेक्ट ग्रुपवर टाक. मागून लेखी माफीही टाक, शाळेला टॅग करून."

"आणि खरं निघालं तर?"

"तर मी टाकते माफी. कबीर, कुठली स्टोरी रे, राजा?"

कबीरने एक लाल गाडी पुढे सरकवली. "बस स्टॉप," तो हळूच म्हणाला.

अर्चनाने गोष्ट लावली आणि फोन पालथा ठेवला. सुचेताचा अंगठा माइकच्या खुणेवर दाबलेला. ॲपमधला गोड आवाज सुरू झाला. ससा छत्री घेऊन बस स्टॉपवर आला. लाल बस आली. 'सांग बघू, ससा कुठे निघाला असेल?'

अर्चनाच्या ओठांवर उत्तर आलंच होतं. तपासताना ती दर वेळी झटकन उत्तर द्यायची, की ॲप लगेच पुढच्या प्रश्नावर. चारशे साठ वाक्यं, कोण थांबत बसणार? आज तिने ओठांवर बोट ठेवलं. "कुणी बोलू नका. तो ऐकतो तसंच ऐकायचं."

कबीर गप्प होता. दोन्ही सासवा टेबलाकडे वाकल्या. पाच सेकंद. सहा. सात. अर्चना सुचेताकडे बघून हसली.

आणि मग फोनमधून तोच आवाज आला, जरा दबका, रजईखालून आल्यासारखा: "बंद केलंस ना अजय? मग आता एकदा तुझ्या आईला विचार. सहा महिने म्हणजे सहाच्या सहा काढायचेच का?"