सहा खटक्यांचं कुलूप

“तुमच्या मुलाला कुठलंही कुलूप उघडता येतं, हे खरं ना?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

खरं, म्हातारी म्हणाली. आणि खोटी विनयशीलता तिला कधी जमली नव्हती, म्हणून पुढे सांगितलं की त्याच्या बापाला तर त्याच्याहून चांगलं येतं. बँकेची तिजोरी अडली की मॅनेजर स्वतः गाडी घेऊन दारात यायचा. शेजारी बसलेल्या सुनेने तिचं कोपर दाबलं. म्हातारीने कोपर सोडवून घेतलं.

स्थानबद्धतेचे आदेश तपासणारं तीन माणसांचं मंडळ होतं. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर घड्याळ. वकिलाला आत परवानगी नव्हती, घरच्या माणसाला होती. मुलाला स्थानबद्ध करून एकोणचाळीस दिवस झाले होते. चोरी नाही, मारामारी नाही, खटलाही नाही. बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकाला मालकाने कुलूप ठोकलं होतं. कामगारांची हत्यारं आत अडकली होती. ती कशी बाहेर काढायची याच्या सभेला हा जाऊन मागच्या रांगेत बसला, एवढंच. आदेशात लिहिलं होतं की सदर इसमास कुलपे उघडण्याचे विशेष ज्ञान असून, तो फाटक उघडण्याची व त्यायोगे शांतता भंग होण्याची शक्यता आहे. सुनेने हे तिला चारदा वाचून दाखवलं. पाचव्यांदा म्हातारीनेच हात वर करून तिला थांबवलं. शक्यता म्हणे. शक्यता तर सून वेळेवर उठण्याचीही असते.

“बाई,” ती म्हणाली, “येतं म्हणून माणूस करतोच असं असतं, तर याच्या बापाने पन्नास वर्षांत अर्धं शहर धुऊन नेलं असतं. आमच्या घरात अजून दुसरा पंखा नाही.”

टोकाच्या सदस्याला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घातलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. मुलाचे वडील का आले नाहीत, एवढंच त्यांनी विचारलं.

ते विसरतात, म्हातारीने सांगितलं. नातवंडांची नावं विसरतात, जेवल्याचं विसरतात आणि मग बायको उपाशी ठेवते म्हणून शेजारी सांगतात. चार महिन्यांपूर्वी घराबाहेर पडले ते संध्याकाळी बस डेपोत सापडले. तेव्हापासून घरात कोणी नसलं की ती दाराला कुलूप लावूनच निघते. आजही लावून आली होती.

सुनेने डोळे मिटले.

“म्हणजे ते बाहेर जातील, या शक्यतेवर तुम्ही त्यांना कोंडता,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मग सरकारने काय वेगळं केलं, आजी?”

म्हातारीने मुठीतली किल्ली एकदा उलटी केली, एकदा सुलटी.

“मी निघताना त्यांना सांगते, का लावतेय आणि कधी येणार. चारला येते म्हटलं की चारला येते. माझ्या पोराला का धरलं त्याचा कागद सव्विसाव्या दिवशी मिळाला. आणि कधी सोडणार, हे तर कागदातही नाही.”

अध्यक्षबाईंनी फाईल मागे उलटली, तारखांवर बोट फिरवलं, आणि दोघींना बाहेर बसायला सांगितलं.

बाकावर दीड तास गेला. म्हातारी घड्याळाकडे बघत होती, सून दाराकडे. मग आत बोलावलं. नुसत्या अंगच्या कसबावरून माणूस पुढे काय करेल हे ठरवता येत नाही, अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि कारणं सांगायला एवढा उशीर तर मुळीच चालत नाही. मंडळाला पुरेसं कारण दिसत नव्हतं. मुलगा सोमवारी घरी येणार होता.

सून रडायला लागली. नाक पूस, लोक बघतायत, म्हातारी म्हणाली, आणि बस येईपर्यंत तिचा हात घट्ट धरून उभी राहिली. सून मुलांना शिकवणीहून आणायला आधीच्या थांब्यावर उतरली. म्हातारी एकटीच, पण ताठ मानेने घराकडे निघाली. अख्ख्या मंडळाला तिने गप्प केलं होतं. फक्त चारच्या जागी साडेपाच वाजले होते, तेवढं मनाला लागत होतं.

किल्ली दोनदा फिरली. दार उघडलं. म्हातारा दाराजवळच्या खुर्चीत बसला होता, पायांत बूट, बुटांवर धूळ. दारातूनच सांगायची बातमी तिच्या तोंडात राहिली.

“चार कधीच वाजून गेले,” तो म्हणाला. “कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून आलो. दोनदा.”

तिने कुलपाकडे पाहिलं, मग हातातल्या किल्लीकडे. त्याने खिशातून वाकवलेली तार काढून दाखवली. तिला विचारावंसं वाटलं याचाच त्याला जरा अपमान वाटला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हे कुलूप त्यानेच बनवून दारात बसवलं होतं, सहा खटक्यांचं, आतून-बाहेरून दोन्हीकडून फिरणारं. नातवंडांची नावं गेली होती, खटके गेले नव्हते. ती बाहेर पडली की तोही निघायचा. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जायचा आणि शाळेची साडेतीनची घंटा झाली की परत.

चार महिने. ती त्याच्यासमोर खाली बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. एक गाठ सुटेना.

“अहो, मग आत आल्यावर परत कुलूप कशाला लावायचं?”

“उघडं दिसलं तर तू घाबरशील,” तो म्हणाला.