मोहोराचं अत्तर

त्र्याऐंशीचा चैत्र. बोरिवलीच्या चाळीत सुलक्षणाकडचं हळदीकुंकू रंगात आलं होतं. भावानं मस्कतहून पाठवलेलं अत्तर थेट गावच्या आंब्याच्या मोहोरासारखं होतं, हलकं, गोडसर. भिंतीला टेकलेल्या बायका हात पुढे करत होत्या आणि ती खाली मान घालून एकेकीला अत्तर लावत होती.

शेवटच्या मनगटावर तव्याचा ताजा चटका दिसला. सकाळी तिलाही अगदी तिथंच बसला होता.

"तुझीपण माझ्यासारखीच वाट लागली ना गं?" ती हसली आणि चटका चुकवून तिनं अत्तर लावलं.

"सुलक्षणा," मागून शेजारची नंदा म्हणाली, "भिंतीला काय अत्तर लावतेस गं?"

सुलक्षणानं वर पाहिलं. कोऱ्या भिंतीला मोहोराचा वास येत होता.

तिनं आपलं मनगट पाहिलं. तिथं चटका नव्हता.