थांबणारा उजेड

"लख्ख उजेड दिसला की पालथी पड. पोट जमिनीला टेकव आणि उठू नकोस." नागासाकीच्या बॉम्बमधून वाचलेली आई लहानग्या चिझुरुला हेच बजावायची. आज सत्तरीला टेकलेली चिझुरु प्रोटॉन किरणांच्या उपचाराच्या टेबलावर उताणी निजली होती. यंत्र फिरू लागलं तशी ती पुन्हा उठून बसली.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. डॉक्टर कुरोइवांनी कालच सांगितलं होतं, गाठ कुणासाठी थांबत नाही, आणि असे दिवस घालवलेत तर पुढं आमच्याही हातात काही उरणार नाही. धाकटा भाऊ तर चिडून म्हणाला होता, आईच्या तसबिरीपुढं रोज पाणी ठेवतेसच, आता तिच्याकडंच जायची घाई झालीय का? सगळ्यांना वाटलं, म्हातारी भ्यायली.

नर्स मिओ तिला सावरायला आत आली. सातवा महिना, एक हात कमरेवर. "झोपा ना आजी. मूत्राशय भरायला एवढं पाणी पाजून आणलंय, लघवी किती वेळ धरून ठेवाल? आणि ते दुखत नाही, दिसतसुद्धा नाही."

"आजी नको म्हणूस गं. आई व्हायलाच कुठं धजले मी." चिझुरुची नजर मिओच्या पोटाकडं गेली. मग तिनं हळूच विचारलं, "तो उजेड सोडतात तेव्हा तू कुठं असतेस?"

"ह्या भिंतीमागं."

"आणि माझ्यातून पार झाला की तो कुठं जातो?"

ही भीती कुणासाठी आहे, ते मिओला आत्ता कुठं उमगलं. स्टूल ओढून ती चिझुरुजवळ बसली. भिंत माणसाच्या उंचीएवढी जाड आहे, म्हणाली, पण हा किरण भिंतीपर्यंत पोचतच नाही. तो अंगात शिरतो, गाठीपाशी सगळं बळ टाकतो आणि तिथंच विझतो. पलीकडं जातच नाही.

"थांबतो?"

"जिथं सांगू, तिथंच."

चिझुरुचे हात आपसूक जोडले गेले. आलेलं प्रत्येक स्थळ तिनं परतवलं होतं. आईच्या अंगात मुरलेला बॉम्बचा तो उजेड आपल्यातून बाळापर्यंत जाईल, या एका धाकानं. उजेडाला 'थांब' म्हणता येतं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मिओनं करंगळी पुढं केली. "आता उठायचं नाही. शब्द द्या."

चिझुरुनं त्या करंगळीत आपली करंगळी अडकवली.

मिओ भिंतीमागं गेली. जड दार लागलं. चिझुरु उताणी निजली, आणि तान्ह्याला बोलवावं तशा आवाजात म्हणाली, "ये. इथवरच."