हिरवं दार

दार पुन्हा ओट्याला धडकलं.

दार टेलर मावशीचं. हिरवं, हलकं, बिजागरीतून चटकन निघणारं. वस्तीत कुणी आजारी पडलं की तेच काढायचं, त्यावर माणसाला झोपवायचं आणि चौघांनी मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून न्यायचं, कारण आत गाडी येतच नाही. आज त्यावर वाळूचं पोतं ठेवून सराव चालला होता. वेल्डरची लेक खिडकीत उभी राहून बघत होती. दिवस भरत आले होते, रक्तदाब वाढलेला. कळा सुरू झाल्या की आडवं झोपवून लगेच आणा, अजिबात वेळ घालवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पोरगी खिडकीतून आत जायची, फेऱ्या मारायची, परत खिडकीत यायची.

"पुन्हा," वेल्डर म्हणाला. चौघं मागं सरले, पुढं आले. पुन्हा धडक.

दार न्यायला ही गल्ली मोकळी व्हावी म्हणून मावशीनं घरोघरी जाऊन सगळ्यांची डोकी खाल्ली होती. कुणी पायरी तोडली, कुणी पाण्याचं पिंप आत घेतलं. पैलवानानं तर आपली लाडकी मोटरसायकल चुलतभावाकडं नेऊन लावली आणि दोन दिवस घुश्शात होता. सगळं झालं, पण वळणावरचा ओटा राहिला. दुसरी वाट नाल्याकडची, वस्तीला अख्खा वळसा घालणारी. त्या वाटेनं पोरीला न्यायचं म्हणजे जिवाशी खेळच.

ओटा घड्याळवाल्या काकांचा. काका म्हणजे एक नमुना. ओट्यावर टेबल मांडून, डोळ्याला भिंग लावून दिवसभर घड्याळं दुरुस्त करायचे, आणि वस्तीशी उभा दावा. बायकोचे गुडघे दुखायचे, खोलीत वारा नाही, म्हणून त्यांनी तो ओटा स्वतःच्या हातानं बांधला होता. ती तिथं बसून भाजी निवडायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. एक दिवस तिला श्वास घेता येईना. काका पुढं पळाले, रस्त्यावर गाडी अडवून उभे राहिले. मागून दार काही येईना. आलं तेव्हा सगळं संपलं होतं.

तेव्हापासून काका त्या चौघांना एकच ऐकवत. तुमचे पाय जड, म्हणून माझी बायको गेली. चौघं म्हणजे हेच, आज दार धरून उभे असलेले. नवल असं की एरवी अरेला कारे करणारा पैलवानसुद्धा हे मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

आताही काकांनी भिंग काढलं. ओट्याला हात लावायचा नाही, म्हणाले. तुम्हाला धड चालता येत नाही, ते कबूल करा. दार जरा तिरकं करायला काय हात मोडलेत?

वेल्डर रात्रंदिवस लेकीच्या काळजीनं पोखरून निघालेला. त्याचा तोल गेला. तिरकं केलं तर पोर गडगडत खाली येईल, तो म्हणाला, आणि तुम्हाला माहीत नाही काका, त्या दिवशी... मावशीनं त्याचा दंड असा काही दाबला की तो गप्पच झाला.

काका तरातरा खाली उतरले. पोतं ढकलून दिलं आणि स्वतः दारावर आडवे झाले. उचला, म्हणाले, मी दाखवतो कसं वळतं ते.

धडधाकट माणसानं त्या दारावर झोपावं हे कुणालाच रुचलं नाही. पण उचललं. काका पडल्या पडल्या हुकूम सोडत होते. डावीकडं घ्या, वर घ्या, आता तिरकं करा. दार तिरकं झालं तसे काका घसरले. त्यांनी दाराची कड घट्ट धरली. सरळ करा, पडेन मी, म्हणाले. आवाजात पहिल्यांदाच भीती होती.

दार सरळ झालं. काकांचं तोंड ओट्याच्या कडेला टेकण्याइतकं जवळ आलं. वर बसणाऱ्याला ही कड कधी दिसायची नाही. तिच्यावर आजचे ओरखडे होते, ताजे, हिरवे. त्यांच्याच शेजारी एक जुना ओरखडा होता. धुळीनं भरलेला, विटलेला, पण तोच हिरवा. जवळच कोपऱ्याचा तुकडा तुटलेला होता. तो पाणीवाल्याच्या हातगाडीनं तुटला असं समजून काकांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या होत्या आणि वरून सिमेंट लिंपलं होतं.

त्यांनी जुन्या ओरखड्यावर बोट ठेवलं.

"तिला नेतानाही दार इथंच अडलं होतं?"

 मावशी पुढं आली. "वळेना हो भाऊजी. ती तडफडत होती, तिरकं कसं करणार? मग मागं फिरून नाल्याकडून नेलं."

"मला सांगितलं नाहीत."

"ओटा तुम्ही तिच्यासाठी बांधला होता."

काकांचं बोट ओरखड्यावरून हललं नाही. डोळ्यांतलं पाणी कानाकडं ओघळत होतं आणि ते पुसतही नव्हते. इतकी वर्षं त्यांनी ज्यांना शिव्या दिल्या, त्या चौघांचे हात आता भरून आले होते. खिडकीतली पोरगी पोट धरून उभी होती.

"काका, खाली ठेवू का?" पैलवानानं हळूच विचारलं.

"नको," काका म्हणाले. "खाली उतरलो तर पुन्हा ओट्यावरच जाऊन बसेन. मी वर आहे तोवर घण आणा."