सातव्या वळणावरचा झरा

“एक ओळ लिही,” डॉक्टर क्रॅनशॉ म्हणाले. “‘सातव्या वळणावर झरा आहे.’ एवढंच. मी लगेच सही करतो.”

“झरा नाहीये तिथं,” रोवेना म्हणाली.

“आहे.”

“दगड आहे. त्याच्यावर बसून मी सँडविच खाल्लंय.”

डॉक्टरांनी तिची वही मिटली.

भूगोलाचं तिसरं वर्ष रोवेना हॅलिवेलनं स्लोव्हेनियात काढलं होतं. तिथल्या विद्यापीठाचे मार्क चांगले आले होते. पण एक खोरं स्वतः पायी फिरायचं, त्याची वही भरायची आणि परत आल्यावर इथल्या मास्तरांची सही घ्यायची, असा नियम होता. सही नाही तर अख्खं वर्ष पाण्यात. तिनं तेमना खोरं घेतलं होतं. नेमका त्याच खोऱ्यावर क्रॅनशॉंनी तीस वर्षांपूर्वी प्रबंध लिहिला होता. त्यातलं एक पूर्ण प्रकरण त्या झऱ्यावर होतं.

“ज्याला तो झरा दिसला नाही,” ते अगदी शांतपणे म्हणाले, “तो माणूस त्या खोऱ्यात गेलाच नाही. खोलीत बसून वही भरलीस तू. फोटो कुठायत?”

“फोन नदीत पडला. तीन उरलेत.”

“धुकं, धुकं आणि एक गाय. पाहिले मी. बूट?”

“तळवे गेले. तिकडेच टाकले.”

“वा. गुरुवारी विभागात तुझी सुनावणी आहे, तिथं हेच सांग. नाहीतर एक ओळ.”

खोलीवर फर्न, तिची मैत्रीण, टोस्टला लोणी फासत होती. “लिहून टाक ना बाई. एका झऱ्यानं तुझ्या बापाचं काय जातंय?”

“सोळा शनिवार चाललेय मी. जे नाही ते लिहिणार नाही.”

“मग बस पुढच्या वर्षी पहिल्या बाकावर. मी येईन पदवीचा गाऊन घालून टाटा करायला.”

मंगळवारी ती ॲक्रिंग्टनला आजोबांकडे गेली. नॉर्मन हॅलिवेलच्या घरी मंगळवारी चिप्स आणि ग्रेव्ही ठरलेली. तिनं सगळं सांगितलं. आजोबा चिप खाता खाता थांबले.

“चुन्याच्या भट्टीच्या वरचं वळण?”

“हो. तुम्हाला कसं माहीत?”

“मघाशी तूच म्हणालीस.”

ती म्हणाली नव्हती. पण आजोबांना तेवढ्यात असा ठसका लागला की ग्रेव्ही शर्टावर सांडली. डोळे पुसत ते म्हणाले, “पोरी, एक अक्षर लिहायचं नाही. सुनावणीला सोबत माणूस नेता येतो ना?”

“येतो. पण त्यानं भांडायचं नसतं.”

“मी कशाला भांडतोय? म्हातारा माणूस.”

गुरुवारी बसमध्ये आजोबांनी पेपरातलं शब्दकोडं पुरं केलं. विद्यापीठाच्या दाराशी उतरल्यावर काळा चष्मा चढवला आणि सोबत आणलेल्या कुत्र्याचा पट्टा हातावर गुंडाळला. करडा, लांब तंगड्यांचा कुत्रा होता. आजोबांचं एक कुत्रं गेलं की हुबेहूब दुसरं यायचं, नावासकट. हा चौथा.

“आजोबा, हे काय?”

“दिसत नाही मला. विसरलीस?”

दारावरच्या शिपायानं कुत्र्याला अडवलं नाही. उलट खुर्ची दिली. आजोबांना गप्पांना गिऱ्हाईक मिळालं.

“चाळीस वर्षं नकाशे काढले मी. डोंगर भटकणाऱ्यांसाठी. आल्प्स, कार्पेथियन, सगळं ॲक्रिंग्टनच्या टेबलावर. समुद्र नाही ओलांडला जन्मात.”

“मग चुकत नव्हतं?”

“मुद्दाम चुकवायचो. प्रत्येक नकाशात एक खोटी गोष्ट. दुसऱ्या कंपनीनं चोरला की आपली खोटी गोष्ट त्यांच्याकडे सापडते. एकदा सासूच्या नावानं गल्ली घातली. चोरानं तीही छापली. कोर्टात सासू जिंकली.”

शिपाई हसून हसून लाल झाला. रोवेना मात्र मान खाली घालून वही धरून बसली होती. तिनं ही गोष्ट शंभरदा ऐकली होती.

आत विभागप्रमुख एस्मे टॅलबॉट बसल्या होत्या. शेजारी क्रॅनशॉ, पुढ्यात त्यांचा जाडजूड प्रबंध. कुत्रा टेबलाखाली जाऊन आडवा झाला.

“मिस हॅलिवेल,” टॅलबॉटबाई म्हणाल्या, “ती ओळ लिहिलीत तर हे इथंच संपेल.”

“नाही लिहिणार.”

“वर्ष जाईल.”

“जाऊ दे. परत चालेन. झरा तेव्हाही नसेल.”

क्रॅनशॉ गालात हसले. बाईंनी सुस्कारा टाकला आणि आजोबांकडे वळल्या. “तुम्हाला काही विचारायचंय?”

“म्हातारपणाची उत्सुकता,” आजोबा म्हणाले. “डॉक्टर, तुम्ही स्वतः पाहिलाय झरा?”

“पाहिलाय काय, प्यायलोय. दोन उन्हाळे रोज मोजलाय. पाणी सात अंश.”

“चव?”

“किंचित लोखंडाची.”

“लिहून घेताय ना बाई?”

“घेतेय,” टॅलबॉटबाई म्हणाल्या.

“आणि ज्याला दिसला नाही...”

“तो तिथं गेलाच नाही,” क्रॅनशॉ म्हणाले. “मी हे लेखी दिलंय.”

“बरोबर आहे. झऱ्याला नाव असेल काही?”

“अर्थात. तिथले धनगर आजही त्याच नावानं ओळखतात. मला त्यांनीच सांगितलं.” त्यांनी प्रबंधाला जोडलेल्या नकाशाची घडी उलगडली. “हे बघा, इथं छापलंय.”

“मला दिसत नाही हो. जरा मोठ्यानं वाचता?”

क्रॅनशॉंनी घसा साफ केला.

“बोस्को.”

टेबलाखालचा कुत्रा उठला, शेपटी हलवत त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून उभा राहिला.