ग्रामसभेचा सीन

“हात खाली नको! वरच ठेवा!” डायरेक्टर भोंग्यातून ओरडला.

मंजूचा खांदा भरून आला होता. शाळेच्या मैदानात, मंडपाखाली, अख्खं हिरडाटोला गाव हात वर करून बसलं होतं. समोर टेबलामागे साहेब झालेला नट विचारत होता, “कंपनीला डोंगर द्यायला ग्रामसभेची संमती आहे?” सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं होतं, “आहे!”

“कट! परत एकदा.”

सिनेमाची गोष्ट ऐकूनच गाव हरखलं होतं. एक कंपनी लोखंडाच्या खाणीसाठी डोंगर बळकावते, मंत्री विकत घेते, आणि शेवटी गाव तिला हाकलून लावतं. ही तर आपलीच गोष्ट, असं जो तो म्हणाला. गेल्या उन्हाळ्यात खरीखुरी कंपनी देवरी तालुक्याच्या या अंगाला आली होती. डोंगरातून उतरणाऱ्या झऱ्यावर हिरडाटोल्याचं धान पिकतं. तेव्हा ग्रामसभेत एकही हात वर झाला नाही. पुढच्याच महिन्यात मंजूच्या नवऱ्याला, उमेंद्रला, कोहमाऱ्याच्या एका ढाब्यामागे तोंडं बांधलेल्या माणसांनी मारलं. तो अजून काठी टेकत चालायचा. तेव्हापासून अनोळखी गाडी गावात शिरली की मंजू दाराला कडी घालायची.

पण या गाड्या सिनेमाच्या होत्या. “इंटरव्हलनंतर तुम्हीच जिंकता,” असं डायरेक्टरनं हसून सांगितलं होतं. हिरो नवेगाव बांधच्या तलावावर बोटीचा सीन करतोय, उद्या येईल, असंही म्हणाला होता. मध्येच वाजायला नकोत म्हणून सगळ्यांचे मोबाईल एका पोत्यात गोळा केले होते.

मग एकेकाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मंजूची सासू धुरपता ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. सिनेमात दुसरं नाव लागतं, अशी तिची समजूत. ती लाजत म्हणाली, “मी चंपाबाई...”

“चंपाबाई नको, आजी. खरं नाव सांगा. गावाचंही.”

धुरपतानं पदर सावरला आणि खरं नाव सांगितलं. गावही सांगितलं. “माही संमती हाय,” म्हणाली.

मंजू पुढे झुकली. सिनेमात खरं नाव कायले? तिनं टेबलामागच्या बॅनरकडे नीट पाहिलं. ‘विशेष ग्रामसभा, हिरडाटोला’. खाली तारीख आजचीच होती.

“बॅनरवर आमच्या गावाचं नाव काऊन?” तिनं विचारलं.

“खरं वाटायला नको का, ताई?” डायरेक्टर म्हणाला.

थोड्या वेळानं साहेब झालेला नट उठून मंडपामागच्या पांढऱ्या जीपकडे गेला. जीपवर ‘महाराष्ट्र शासन’ लिहिलं होतं. तीही सिनेमाचीच असेल, मंजूनं मनाला समजावलं. पण दार उघडता उघडता ड्रायव्हर हळूच म्हणाला, “साहेब, वरून दोनदा फोन आला. झालं का विचारून राहिले.”

तिथं कॅमेरा नव्हता. तिथं कोणी कोणाला दाखवायला बोलत नव्हतं.

मैदानाच्या फाटकाशी चौघे जण उभे होते. सकाळपासून तिला ते सिनेमाचेच वाटले होते. त्यातला एक दुपट्टा तोंडावर ओढून तिच्याचकडे बघत होता. तिला ढाब्यामागून उचलून आणलेला उमेंद्र आठवला. गप्प बसावं, हात वर करावा, जेवून घरी जावं, असं तिला मनापासून वाटलं.

“रेडी! हात वर!”

हात वर झाले. मंजू उठली.

“बस वो, मंजू! काय करून राहिली?” धुरपतानं तिचा पदर ओढला.

ती कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज फुटला तो एकदम चिरका.

“आमची संमती नाही! हा सिनेमा नाही, बापहो. हे आपली खरी ग्रामसभा करून राहिले. हात खाली करा!”

आधी म्हाताऱ्या कवडूबाबांनी हात खाली घेतला. मग धुरपतानं. बघता बघता सगळे हात खाली आले. “नाही संमती!” मागून कोणीतरी ओरडलं आणि सारं मैदान तेच ओरडू लागलं.

आता डायरेक्टर धावून येईल, फाटकावरचे चौघे आत घुसतील, याची मंजू वाट बघत होती.

कोणीच आलं नाही. कॅमेरावाला वायर गुंडाळत होता. डायरेक्टरनं भोंगा खुर्चीवर ठेवला आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी सोडली.

“बोला ताई, मनसोक्त बोला,” तो म्हणाला. “तुमची नावं, संमती मघाशीच टिपून झाली; कॅमेरा तेव्हापासूनच बंद आहे. मग डोंगरावर मशिनी चढेपर्यंत तुम्हाला फक्त इथं बसवून ठेवायचं होतं.”